डाऊनी थांबत नाही म्हणून औषध बदलण्याआधी

दिंडोरी तालुक्यातल्या एका बागायतदार भावाने विचारलं आहे: दोन एकर थॉमसन द्राक्ष, डॉगरिज खुंटावर (मुळासाठी वापरलेल्या दुसऱ्या जातीवर) कलम केलेली, वाय आकाराच्या मांडवाची बाग. गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी) सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात झाली. आज छाटणीनंतरचा २८ वा दिवस. मध्ये सलग तीन दिवस पाऊस झाला, त्यानंतर आठवडाभरात पानांवर डाऊनीचे (केवडा रोगाचे) पिवळे तेलकट डाग दिसले, खालून पांढरी बुरशी आली आणि आता काही घडांवरही पांढरी लव दिसते. आतापर्यंत पाच फवारण्या झाल्या. दोन ॲझोक्सिस्ट्रोबीनच्या, एक मेटालॅक्झिल-मॅन्कोझेबची, बाकी दोन दुकानातून सांगितलेल्या मिश्रणांच्या, त्यात जीए (जिबरेलिक ॲसिड, वाढीचं संप्रेरक) आणि मायक्रोन्यूट्रिएंटही एकत्र. शेजारी काकडीचा प्लॉट आहे, त्यावरही डाऊनी आहे. प्रश्न असा की आता सगळ्यात जबरदस्त असं कोणतं औषध मारू? बोर्डो मिश्रण चालेल का आणि डॉगरिजवर असूनही डाऊनी कसा आला, हेही त्याने विचारलं आहे.

भाऊ, औषधाचं नाव सांगतो, पण आधी दुसरं काही सांगावं लागेल. तुमच्या पाच फवारण्यांतली सगळीच औषधं निकामी होती असं नाही.  मोठा घोळ आहे तो दोन ठिकाणी: लागण नेमकी कधी झाली आणि औषध कधी पडलं याचा मेळ नाही, आणि औषध पडलं ते पानाच्या चुकीच्या बाजूला. हे दोन्ही सुटल्याशिवाय सहावं औषध पाचव्याच्याच वाटेने जाईल.

काकडीचा विषय आधी मिटवू. काकडीवरचा डाऊनी वेगळा आणि द्राक्षावरचा वेगळा. दोघांचं कूळ एक, पण द्राक्षावरचा काकडीवर जगत नाही आणि काकडीवरचा द्राक्षावर येत नाही. शेजाऱ्याशी त्यावरून वाद असेल तर तो सोडून द्या. तुमच्या बागेला धोका आहे तो दुसऱ्या द्राक्षबागेपासून, विशेषतः तुमच्या आधी छाटलेल्या आणि डाऊनी आलेल्या बागेपासून. आणि त्याहून जास्त तुमच्याच बागेत पावसाळ्यात राहिलेल्या जुन्या रोगट पानांपासून.

आता डाऊनी चालतो कसा ते नीट समजून घ्या, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर आहे. आपण त्याला बुरशी म्हणतो, पण तो खऱ्या बुरशीपेक्षा पाण्यातल्या शेवाळाच्या जवळचा जीव आहे. म्हणून त्याला पाणी लागतं. नुसती दमट हवा पुरत नाही, पानावर पाण्याचा थर लागतो. वाऱ्याने उडून आलेला बीजाणू ओल्या पानावर पडला की फुटतो, त्यातून चलबीजाणू बाहेर पडतात आणि पाण्याच्या थरातून अक्षरशः पोहत पर्णरंध्रापर्यंत जातात. तिथून आत शिरतात. हवा २० ते २५ अंशांच्या आसपास असेल तर हे काम काही तासांत उरकतं. तोच बीजाणू कोरड्या पानावर पडला आणि ऊन तापलं तर मरतो.

यातली सर्वात उपयोगाची गोष्ट अशी, की द्राक्षाच्या पानाला पर्णरंध्रं जवळजवळ सगळी खालच्या बाजूला असतात. डाग तुम्हाला वरून दिसतो, पण रोग शिरतो खालून आणि पांढरी बुरशी बाहेर पडते तीही खालूनच. ट्रॅक्टर जोरात हाणत ब्लोअर फिरवला, बाग वरून चकाकली, पानं टपकायला लागली, तरी खालची बाजू कोरडी राहिली असेल तर त्या फवारणीने डाऊनीला जवळजवळ काही केलेलं नाही.

आत शिरल्यानंतर साधारण पाच ते सात दिवस काहीच दिसत नाही. मग तेलकट डाग येतो. त्यानंतर एखादी रात्र ओलसर गेली, आर्द्रता जवळजवळ पूर्ण झाली आणि चार-पाच तास अंधार मिळाला, की पहाटे डागाच्या खाली पांढरा थर आलेला असतो. त्यातून नवे बीजाणू उडतात आणि दव पडलेल्या पानांवर पुन्हा तेच चक्र.

म्हणजे आज दिसणारा डाग हा मागच्या आठवड्यातल्या पावसाचा आहे. तुमच्या बाबतीत तीन दिवस पाऊस झाला, तेव्हा लागण झाली. डाग दिसल्यावर मेटालॅक्झिल मारलं, तोवर पाच-सात दिवस गेले होते. मेटालॅक्झिल, सायमोक्झॅनिल, डायमिथोमॉर्फ यांसारखी आत जाणारी औषधं लागण झाल्यापासून साधारण दोन, फार तर तीन दिवसांत पडली तर आतल्या रोगाला धरतात. त्यापुढे ती फक्त नवी लागण आणि बीजाणूंची वाढ रोखतात, झालेलं नुकसान मागे फिरवत नाहीत. त्यातही सायमोक्झॅनिल फार थोडे दिवस टिकतं. म्हणून ते नेहमी मॅन्कोझेबच्या जोडीने येतं.

जुना डाग कोणत्याही औषधाने जात नाही, हे मनाशी पक्कं करा. औषध लागू पडलं तर डाग तपकिरी होऊन वाळतो, पण राहतो तिथेच. बरेच जण फवारणीनंतर चार दिवसांनी जुनेच डाग बघून "औषध लागलं नाही" म्हणतात आणि लगेच दुसरं आणतात. बघायचं ते दोनच गोष्टींकडे: कोवळ्या पानांवर नवे डाग येतात का, आणि जुन्या डागांखाली पांढरी बुरशी जिवंत आहे का.

दुसरी गोष्ट तपासायला एक साधी रीत आहे. संध्याकाळी बागेच्या चार-पाच ठिकाणांहून, विशेषतः पाणी साचतं त्या खोलगट बाजूने आणि झाडीच्या सावलीतल्या ओळींतून, डाग असलेली आठ-दहा पानं तोडा. खालची बाजू स्वच्छ पाण्याने हलकेच धुऊन घ्या, म्हणजे आधीची पांढरी बुरशी निघून जाईल. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओला टिश्यू किंवा वर्तमानपत्राचा ओला कागद ठेवा, पानं खालची बाजू वर करून पसरा, पिशवीचं तोंड बांधा आणि रात्रभर घरात अंधारात ठेवा. सकाळी उघडा. डागावर पुन्हा पांढरी, कापसासारखी ताजी बुरशी आली तर रोग चालू आहे. डाग नुसता तपकिरी, कोरडा, स्वच्छ राहिला तर तो डाग संपला. थोडी आली, थोडी नाही, असंही होतं, मग कुठल्या ओळीतल्या पानांवर आली ते बघा. बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडतं: त्या ओळीत फुटींची गर्दी असते नाहीतर ब्लोअरचा फवारा पोहोचलेला नसतो. पानं कोणत्या ओळीतली ते पिशवीवर लिहायला विसरू नका.

आता फवारा पोहोचतो की नाही, ते. बाजारात पाण्याचा थेंब पडला की पिवळ्याचे निळे होणारे कागदी तुकडे मिळतात. ते घडाच्या उंचीवर, ओलांड्याजवळ (वेलीच्या आडव्या खोडाजवळ), पानांच्या खालच्या बाजूला क्लिपने लावा. नेहमीच्या गिअरमध्ये, नेहमीच्या वेगाने साधं पाणी फवारा आणि कागद बघा. वरच्या फांद्यांवरचे कागद निळेशार आणि आतले जवळजवळ पिवळेच, असं मी अनेक बागांत पाहिलं आहे, आणि तिथे डाऊनी नेमका आतूनच सुरू झालेला असतो. इलाज बहुधा सोपा असतो: वेग कमी करणं, नोझलची दिशा खालून वर करणं, झिजलेली नोझल बदलणं. इलेक्ट्रोस्टॅटिक मशीन वापरत असाल तर कमी पाण्यात बारीक थेंब खालपर्यंत जातात, पण गर्दी असेल तर तीही आत शिरत नाही. एकरी किती पाणी लागतं ते कॅनॉपीवर, म्हणजे पानोऱ्यावर ठरतं. २८ व्या दिवसाला आणि ६० व्या दिवसाला सारखंच पाणी वापरणं बरोबर नाही.

काळ्या जमिनीत पावसानंतर दोन-तीन दिवस ट्रॅक्टर आत जात नाही, ही तुमचीही अडचण असणार. अशा वेळी एचटीपी (जास्त दाबाचा) पंप आणि गन घेऊन माणसं घालावी लागतात, नाहीतर पानं ओली असतानाच मॅन्कोझेबची धुरळणी करतात. ही धुरळणी नाशिक भागात नवी नाही. ती आत गेलेल्या रोगाचं काही करत नाही, पण रान वाफशावर येऊन फवारणी करता येईपर्यंत पानावर संरक्षण ठेवते. तोंडाला मास्क आणि डोळ्यांना चष्मा लावल्याशिवाय मजुरांना धुरळणीला पाठवू नका. हे मी आग्रहाने सांगतो, कारण घाईत नेमकं हेच राहतं.

ॲझोक्सिस्ट्रोबीनबद्दल. दोनदा मारून फरक पडला नाही, याचं मला आश्चर्य वाटत नाही. ते ज्या गटातलं आहे त्या स्ट्रोबिल्युरिन गटाची औषधं डाऊनीच्या पेशीतल्या एकाच जागेवर काम करतात. त्या जागी एक बदल झाला की त्या गटातली सगळी औषधं एकदम निकामी होतात, नाव वेगळं असलं तरी. असा प्रतिकार युरोपात फार आधी दिसला आणि महाराष्ट्रातल्या बागांतही आढळला आहे. मेटालॅक्झिलचंही असंच होतं. डायमिथोमॉर्फ, मँडीप्रोपामिड, इप्रोव्हॅलिकार्ब ही तीन वेगळी नावं असली तरी गट एकच आहे, म्हणून "मागच्या वेळी डायमिथोमॉर्फ मारलं, आता मँडीप्रोपामिड मारतो" म्हणजे बदल केला असं होत नाही. डब्यावर औषधाच्या गटाचा क्रमांक दिला असेल तर तो वाचायची सवय लावा. एका हंगामात एका गटाची आंतरप्रवाही (पानाच्या आत जाणाऱ्या औषधाची) फवारणी दोनापेक्षा जास्त नको, सलग तर नकोच, आणि प्रत्येक वेळी सोबत मॅन्कोझेब किंवा प्रोपिनेबसारखं स्पर्शजन्य (पानावरच राहून काम करणारं) औषध हवं. स्पर्शजन्य औषधं एकाच वेळी अनेक जागी मारा करतात, म्हणून इतक्या वर्षांत त्यांच्याविरुद्ध असा प्रतिकार तयार झाला नाही.

तर आता तुमच्या बागेत काय करायचं. पुढचे काही दिवस पाऊस आहे की नाही यावर बरंच अवलंबून आहे. हवामान खात्याचा अंदाज बघा, जवळच्या कुणाच्या बागेत पानाचा ओलावा मोजणारं स्वयंचलित केंद्र असेल तर त्याच्याशी बोलून रोजचे ओले तास विचारून घ्या. मी दोन्ही गृहीत धरून सांगतो.

पहिलं काम औषधाचं नाही, हाताचं आहे. ओलांड्यावरच्या वांझ फुटी आणि बगलफुटी काढा. घडाच्या आसपासची दाटी मोकळी करा. जमिनीला टेकलेल्या फुटी आणि बोदावरचं (वेलीच्या ओळीखालच्या उंचवट्यावरचं) तण काढा. पान लवकर सुकलं पाहिजे, एवढाच याचा हेतू. सकाळी दव सुकायला दहाऐवजी साडेआठ वाजले तर डाऊनीचे दीड तास तुम्ही काढून घेतले, आणि तेही फुकट. हे काम पानं कोरडी झाल्यावरच करायचं, ओल्या बागेत माणसं फिरवली तर हातांनी आणि कपड्यांनी बीजाणू पसरतात. काढलेल्या रोगट फुटी दोन ओळींच्या मध्ये टाकून ठेवू नका, बागेबाहेर नेऊन पुरा.

मजूर मिळत नाहीत हे मला माहीत आहे. सगळ्या बागेत एकदम जमत नसेल तर पिशवीच्या तपासणीत ज्या ओळी वाईट निघाल्या तिथून सुरुवात करा.

मग फवारणी. तुमच्या भागात गेल्या दोन दिवसांत पुन्हा पाऊस झाला असेल किंवा रात्रभर पानं ओली राहिली असतील, तर आज डायमिथोमॉर्फ आणि मॅन्कोझेब. हा गट तुम्ही माहिती असलेल्या फवारण्यांत वापरलेला नाही. दुकानदाराच्या त्या दोन मिश्रणांत काय होतं ते मात्र आधी शोधा, कारण त्यात हाच गट असेल तर सायमोक्झॅनिल-मॅन्कोझेब घ्या. त्यानंतर तीन-चार दिवसांनी पोटॅशियम फॉस्फोनेट किंवा फॉस्फरस ॲसिडचा पोटॅशियम क्षार म्हणून जे मिळतं ते. हे औषध वर-खाली दोन्हीकडे वाहतं आणि वेलीच्या स्वतःच्या प्रतिकाराला हात देतं, म्हणून नव्या वाढीलाही उपयोगी पडतं. एक पथ्य कडक पाळा: फॉस्फोनेट किंवा फोसेटिल (त्याच जातीचं औषध) तांब्याच्या कोणत्याही औषधात मिसळू नका आणि लागोपाठही मारू नका. आम्लतेमुळे तांबं मोकळं होतं आणि कोवळी पानं, घड जळतात. डाऊनीने न गेलेला घड या मिश्रणाने गेलेला मी पाहिला आहे.

पाऊस येणार असा अंदाज असेल, पण अजून आलेला नसेल, तर गोष्ट बदलते. मग आधीच संरक्षण हवं. अमिसुलब्रोम किंवा सायझोफॅमिड ही औषधं लागणीच्या आधी पडली तर चांगली. लागण झाल्यावर त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. दोघांचा गट एकच आहे, तेव्हा एकच निवडा. पाऊस पडायच्या आधी औषध पानावर वाळायला निदान काही तास मिळायला हवेत. पाऊस अंगावर आला असताना महागडं औषध मारून ते वाहून जाऊ देण्यापेक्षा तो थांबल्यावर ४८ तासांच्या आत पानात शिरणारं औषध मारलेलं बरं. मात्रा प्रत्येकाच्या लेबलवर आहे तीच घ्या. जास्त मात्रेने डाऊनी लवकर मरत नाही, घडावर राहणारा औषधाचा अंश मात्र वाढतो.

टाकीत जे सगळं एकत्र ओतलं जातं ते थांबवा. जीए वेगळा, मायक्रोन्यूट्रिएंट वेगळं, डाऊनीचं औषध वेगळं. पाण्याचा सामू (पीएच) तपासा. आपल्याकडे विहिरी-बोअरचं पाणी बहुतेक विम्लधर्मी असतं आणि काही औषधं त्यात लवकर फुटतात. नत्र आता पूर्ण बंद ठेवा. वाढ थांबेल अशी भीती वाटेल, पण पावसाने जमिनीत भरपूर नत्र मोकळं केलेलं असतं आणि नत्राने फुगलेली मऊ पानं डाऊनीला हवीच असतात. पाऊस झाल्यावर दोन-तीन दिवस ड्रीपही चालू करू नका.

घडांचं काय, हा तुमच्या प्रश्नातला सर्वात दुखरा भाग. खरं सांगायचं तर ज्या घडाच्या मुख्य दांड्यावर पांढरी लव आली आहे किंवा दांडा तपकिरी होऊन वाकडा झाला आहे, तो वाचत नाही. तो काढून टाका, कारण तो शेजारच्या घडाला रोग देतो. फक्त एका बाजूची पाकळी (घडाची उपशाखा) रोगाने धरली असेल तर तेवढी खुडून बाकीचा घड राहू शकतो. पण राहिलेल्या घडांची विरळणी आत्ता करू नका. बऱ्याच जणांना पंचविसाव्या दिवसाच्या आसपास वेलीवर मोजून घड ठेवायची घाई होते. डाऊनीच्या वर्षी फुलोरा आणि सेटिंग (मणी धरणं) होईपर्यंत हातचे घड राखून ठेवा, नंतर कमी करता येतात, वाढवता येत नाहीत.

फुलोऱ्याआधीपासून मणी सेट होईपर्यंतचा काळ सर्वात नाजूक. मण्यावरची रंध्रं मणी वाढताना बंद होत जातात, म्हणून सेटिंगनंतर तीन-चार आठवड्यांनी मण्याला नव्याने लागण फारशी होत नाही. पण देठ आणि दांडा त्यानंतरही बराच काळ धरतो. आणि आधी लागण झालेला मणी नंतर पांढरा दिसत नाही, तो भुरकट-तपकिरी, चामड्यासारखा होऊन सुकतो. अशा मण्याला उन्हाचा चट्टा समजून लोक सोडून देतात. २००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळाच्या पावसाने आणि २०१९ मध्ये ऑक्टोबर संपून नोव्हेंबर लागेपर्यंत चाललेल्या पावसाने नाशिक भागाला जो मार बसला, तो याच अवस्थेतल्या बागांना सर्वात जास्त होता. पाऊस तितकाच, पण बाग कोणत्या दिवसाची होती त्यावर नुकसान ठरलं.

तुम्ही बोर्डो मिश्रणाचंही विचारलं आहे. आत्ता नको. कोवळ्या पानांवर, गार-ओल्या हवेत तांबं चटका देतं आणि फुलोऱ्याच्या आसपास घडावर डाग पडतात. पण बोर्डोला जुनं म्हणून मोडीत काढू नका. डाऊनी मूळचा अमेरिकेतला. १८७८ च्या सुमारास तो फ्रान्सला पोहोचला आणि तिथल्या द्राक्षांना त्याचा परिचयच नसल्याने बागा उजाड झाल्या. बोर्दो भागात वाटसरूंनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद (तांब्याचं सल्फेट) आणि चुना शिंपडत असत. त्या वेली हिरव्या राहिल्या हे मिलार्डे या प्राध्यापकाने पाहिलं आणि १८८५ मध्ये हे मिश्रण जगासमोर आणलं. आजही एप्रिल छाटणीनंतरच्या पावसाळी, पक्व पानोऱ्यावर आणि गोडी छाटणीनंतर उघड्या काड्यांवर त्याच्याइतकं स्वस्त संरक्षण दुसरं नाही.

फक्त ते नीट करा. एक टक्क्यासाठी १ किलो मोरचूद, १ किलो चांगला चुना, १०० लिटर पाणी. मोरचूद प्लॅस्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात विरघळवा, लोखंडाच्या नाही. चुना वेगळ्या भांड्यात विझवून गाळून घ्या. मग मोरचुदाचं पातळ पाणी या गाळलेल्या चुन्याच्या पाण्यात ढवळत ढवळत सोडा. तयार झालेल्या आकाशी रंगाच्या मिश्रणात घासून चकचकीत केलेलं विळ्याचं पातं मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस थर चढला तर मोकळं तांबं शिल्लक आहे, चुना कमी पडला आहे. पातं तसंच राहीपर्यंत चुना वाढवा. ज्या दिवशी केलं त्याच दिवशी संपवा, उरलेलं दुसऱ्या दिवशी वापरू नका.

डॉगरिजवर असूनही डाऊनी कसा, असंही तुम्ही विचारता. डॉगरिज अमेरिकी जातीचा खुंट आहे. तो क्षार, चोपण जमीन, कमी पाणी यांना तोंड देतो. पण पान थॉमसनचं आहे आणि डाऊनी पानावर येतो. खुंटाची ताकद वरच्या पानात उतरत नाही. थॉमसन, त्यापासून निघालेल्या तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन, तसंच शरद, या सगळ्या जाती डाऊनीला बळी पडणाऱ्याच आहेत. बेंगलोर ब्लूसारख्या अमेरिकी रक्ताच्या जाती बऱ्यापैकी टिकतात, पण तो आपला माल नाही.

प्लॅस्टिक आच्छादनाबद्दल थोडक्यात. पान ओलंच होत नाही, म्हणून डाऊनी खूपच कमी होतो, यात शंका नाही. पण खर्च मोठा आहे, वाऱ्याचा धोका आहे आणि आच्छादनाखाली भुरी (पांढऱ्या भुकटीसारखा दुसरा बुरशीरोग) वाढते. दोन एकर थॉमसनसाठी कर्ज काढून ते करावं का, हे मी इथून सांगू शकत नाही. माल कुठे जातो आणि दर काय मिळतो, त्यावर तो हिशेब आहे.

त्यावरून आठवलं, तुम्ही माल निर्यातीला देणार की लोकल, ते लिहिलेलं नाही. यावर औषधाची निवड बदलते. निर्यातीला बागेची नोंदणी केली असेल तर पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची शिफारशीत औषधांची चालू हंगामाची यादी समोर ठेवूनच फवारा, त्यात प्रत्येक औषध काढणीच्या किती दिवस आधी थांबवायचं ते दिलेलं असतं. यादी दरवर्षी बदलते, गेल्या वर्षीची चालत नाही. युरोपने मॅन्कोझेबची मान्यता २०२० मध्ये काढून घेतली आहे. तेव्हा सुरुवातीच्या अवस्थेत ते किती वापरायचं आणि कधी थांबवायचं हे तुमच्या निर्यातदाराशी आत्ताच बोलून ठरवा, फेब्रुवारीत नमुना तपासणीला गेल्यावर नाही. फॉस्फोनेटचा अंशही फळात बराच काळ राहतो, त्याच्या फवारण्या मोजून ठेवा. दुकानदाराने दिलेल्या मिश्रणात नेमकं काय होतं, हे लेखी मागा. त्याने सांगितलं नाही तर ते पुन्हा घेऊ नका.

ट्रायकोडर्मा, बॅसिलस यांसारख्या जैविक औषधांवर माझा विश्वास आहे, पण त्यांची वेळ ही नाही. रोग जोरात असताना ती पुरी पडत नाहीत. मणी सेट झाल्यानंतर, हवा कोरडी झाल्यावर, अंश वाढू नये म्हणून रासायनिक औषधं कमी करायची असतात, तेव्हा ती उपयोगी पडतात. तोवर भुरीकडेही लक्ष ठेवा. पाऊस थांबून ढगाळ, कोरडी हवा आली की डाऊनीच्या धामधुमीत विसरलेली भुरी वर येते.

एक शंका नक्की येईल: हे सगळं केल्यावर किती दिवसांत कळेल? कोरडी हवा राहिली तर फवारणीनंतर साधारण आठवडाभर थांबावं लागेल, कारण आज आत असलेली लागण तोवर डाग बनून दिसत राहील. चौथ्या-पाचव्या दिवशी नवे डाग दिसले म्हणून घाबरून टाकी भरू नका. ते जुन्या लागणीचे आहेत. शेंड्याकडच्या पाच-सहा पानांवर खूण करा, दहाव्या दिवशी त्यांच्यावरचे डाग बघा. ती स्वच्छ असतील तर चक्र तुटलं. दिवसाचं तापमान ३० अंशांच्या वर गेलं आणि पहाटेचं दव कमी झालं तर तुमचं काम हवाच निम्मं करेल. पण नोव्हेंबरच्या शेवटी धुकं पडायला लागलं की पुन्हा सावध राहा. पाऊस नसला तरी धुक्याने आणि दवाने पान तासन्‌तास ओलं राहतं.

पुढच्या वर्षीची तयारी या वर्षीच्या काढणीनंतरच सुरू होते. एप्रिल छाटणीनंतर पावसाळ्यात आलेला डाऊनी लोक दुर्लक्षित करतात, कारण तेव्हा घड नसतात. त्या पानांवर ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत रोग तग धरतो आणि गोडी छाटणीनंतर कोवळ्या फुटींवर उतरतो. म्हणून पावसाळ्यात बोर्डोच्या फवारण्या सोडू नका. गोडी छाटणीच्या आधी उरलेली पानं काढून बागेबाहेर न्या, छाटलेल्या काड्या आणि पानांचे ढीग बांधावर ठेवू नका. आणि दोन एकर एकाच दिवशी छाटण्याऐवजी निदान दोन तुकड्यांत, आठ-दहा दिवसांच्या अंतराने छाटा, म्हणजे एकाच पावसात सगळी बाग फुलोऱ्याला सापडणार नाही. शिवारातले चार जण मिळून छाटणीच्या तारखा ठरवत असाल तर आणखी चांगलं, कारण आधी छाटलेल्या बागेतला रोग वाऱ्याबरोबर मागच्या बागेत येतो. पिशवीतल्या पानांचं काय झालं, दुकानदाराच्या मिश्रणात कोणती औषधं होती आणि माल निर्यातीला जाणार का, एवढं कळवा. त्यावर पुढच्या पंधरा दिवसांचं वेळापत्रक नेमकं करून देता येईल.